वंदीचा राग

माझी चुलतबहीण वंदी चिडली की जवळपासचं यंत्र बंद पडतं. ऐकणाऱ्याला पटत नाही, पण लाखनीच्या बसस्टँडवर पटतं. तिथं एका कंडक्टरनं तिला "ए पोरी, सरक मागं" म्हटलं आणि साकोलीची गाडी उभ्या जागी थंड झाली. धक्के मारून लोक दमले, तेव्हा त्यानंच तिला पुढची सीट दिली. घरी काकू मिक्सर लावण्याआधी विचारते, "वंदे, खुशीत हायेस न वो?"

"राग नोको आनू मले!" वंदी ओरडते. मग चटणी पाट्यावर.

गाव तिला लग्नाला बोलवत नाही. डीजे बंद पडेल म्हणून. भांडण असलं की मात्र समोरच्याचा पंप बंद पाडायला सगळं गाव तिच्या दारात. मला याचीच चीड येते.

दोन वर्षांपूर्वी गावात धान कापायला हार्वेस्टर आलं. दिवाळीनंतरची बायांची सगळी मजुरी एका मशीनच्या तोंडात जाणार होती. बायांनी वंदीला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन उभं केलं. मीही गेले.

"बंद कर ते!" वंदी गरजली.

मशीनवरचा पोरगा साकोलीकडचा, रोशन नावाचा. तो म्हणाला, "ताई, मालकाले सांगा. मी तं नोकर आहो."

"ताई कोनाले म्हनून राहिला रे?"

मशीन खाडकन थांबली. बायांनी टाळ्या वाजवल्या. रोशन खाली उतरला, इंजिनकडे पाहिलं, वंदीकडे पाहिलं आणि हसला. "लय करंट हाये तुमच्या रागात. पानी प्या, घसा सुकला असंल."

आजवर तिच्या घशाची चौकशी कुणी केली नव्हती.

मशीन काही सुरू होईना. तो नटबोल्ट काढत बसला, आणि वंदी त्याला डबा आणून देऊ लागली. देतानाही ओरडूनच. "खा! तुह्यावर राग नाही माहा, मशीनीवर हाये!" तो इंजिनचा एकेक भाग दाखवायचा, ती कपाळाला आठ्या घालून ऐकायची. शेवटी मालकानं मशीन ट्रेलरवर चढवून नेली. "पुढच्या साली येतो," रोशन जाताना म्हणाला. त्या साली धान बायांनीच कापला.

पुढच्या साली मशीन आली. बाया पुन्हा वंदीला घेऊन आल्या. तिनं आधी केबिनकडे पाहिलं. आत कानात गाणी लावलेला कुणी दुसराच माणूस होता.

वंदी ओरडली. मशीन चालतच राहिली.

"अजून जोरानं! काय झालं वो तुले?" बाया तिच्यावर उखडल्या. "सालभर फुकट भरोसा ठेवला!"

माझा तोल सुटला. "तुम्हाले हिचा घसाच दिसते काय? ही नाही दिसत?"

वंदी धुऱ्यावर बसली. "आवाज निघून राहिला वो," ती मला हळूच म्हणाली, "राग नाही निघत. सालभर वाट पाहून राहिली होती मी त्याची."

तोवर मशीननं बांधी, धानाचा अख्खा वाफा, साफ केली. कोपऱ्यात मशीनला वळता आलं नव्हतं, तिथं थोडा धान उभा होता. वंदीनं एका बाईच्या हातातला विळा घेतला आणि आमच्याकडे पाठ करून कापायला लागली.

मघा ओरडणाऱ्या बायांतली एक खाली उतरली आणि तिच्या बाजूला कापायला वाकली.