उजेडाची पावलं

उजेडाला कामाला जुंपलं की माणसाच्या हातून चूक होणं कायमचं बंद होतं, असं रविराजचं ठाम मत होतं. हे मत त्यानं बारामतीच्या एमआयडीसीत कमावलं होतं. तिथं छताला टांगलेला प्रोजेक्टर टेबलावरच्या यंत्रावर उजेडाचे ठिपके पाडायचा आणि कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, ते दाखवायचा. तरीही काही बोल्ट उलटे बसत. पण तो दोष रविराजच्या मते बोल्टांचा होता.

तसाच एक जुना प्रोजेक्टर त्यानं वडगाव निंबाळकरला घरी आणला आणि दारावरच्या पत्र्याला टांगला. कारण त्याची आई, द्वारकाबाई. अर्धांगाच्या झटक्यातून ती सावरली, पण उजवा हात थरथरत राहिला. घरातलं एकही शुभकार्य तिच्या रांगोळीशिवाय सुरू झालेलं नव्हतं, आणि आता तर तिच्या नातीची, संस्कृतीची, लग्नाची सुपारी फुटायची होती. "वाकड्या रेघा बघून पाव्हणं काय म्हणतील? मी आपली आतच बसते," असं म्हणून तिनं रांगोळीचा डबा फळीवर ठेवून दिला होता.

रविराजची योजना सरळ होती. प्रोजेक्टर उंबऱ्यापुढं कमळ आणि घरात येणारी लक्ष्मीची पावलं आखून देणार. आईनं त्या रेघांवर फक्त रांगोळी सोडायची.

दिवस मावळला, प्रोजेक्टर लागला आणि दारात अशी देखणी रांगोळी उमटली, की द्वारकाबाई डबा हातात धरून नुसती बघत राहिली. "हिच्यावर मी काय गिरवू? हिच्यात कमी काय हाय?" तेवढ्यात नरसिंहपूरच्या पाहुण्यांची जीप दारात आली.

मुलाचे वडील सर्जेराव उतरले, दारापर्यंत आले आणि थबकले. त्यांच्यामागं सगळी मंडळी थबकली, कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तुंबाव्यात तशी. रविराजचा मापाचा अंदाज चुकला होता. दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलंच पावलं. पाय ठेवायला जागा नव्हती.

"या की आत. नुसता उजेड हाय तो," रविराज म्हणाला.

"उजेडाची असली म्हणून काय झालं?" सर्जेराव म्हणाले. "पावलं लक्ष्मीचीच हायत न्हवं?"

उजेडावर पाय पडूच शकत नाही, हे सिद्ध करायला रविराज स्वतः रांगोळीत उभा राहिला. ते सिद्धही झालं. पावलं त्याच्या पायाखाली गेलीच नाहीत, ती त्याच्या पोटावर चढली. रांगेतल्या एका आजींनी त्याच्या पोटाला मनोभावे हात जोडले.

गडबडीत रविराजनं रिमोटची दिसतील ती बटणं दाबली. चित्र गर्रकन फिरलं. आता लक्ष्मी घरातून बाहेर निघाली होती, थेट जीपच्या दिशेनं.

सर्जेराव खूश झाले. "घ्या, तुमची लक्ष्मी तर आमच्याकडं निघालीसुदिक. आता आत येऊन काय करायचं?"

सगळे हसले. दाराआड उभी असलेली संस्कृतीही हसली, आणि मग तिला पदर डोळ्याला लावावा लागला. द्वारकाबाई तेवढी हसली नाही.

"रवी, बंद कर ते."

उजेड गेला. द्वारकाबाई उंबऱ्यापाशी खाली बसली. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून तिनं एक पाऊल काढलं, आत येणारं. ते पावलापेक्षा पेरूसारखं जास्त दिसत होतं.

"जाईल तवा जाईल," ती म्हणाली. "पर माज्या नातीला माघारी यायची वाट दारात पायजे."

सर्जेरावांनी चपला काढल्या आणि ते वाकडं पाऊल चुकवत, अंग चोरून ते आत गेले. सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना रविराज बाहेर आला, तर आई अंगणात रांगोळी काढत बसलेली. रेघा थरथरत होत्या, पण कमळ कमळच वाटत होतं.

"तुज्या उजेडानं लई सोपं झालं बग," ती मान वर न करता म्हणाली.

रविराजची छाती फुगली. या यशाचा फोटो काढायलाच हवा, म्हणून तो चार्जिंगला लावलेला मोबाईल आणायला आत गेला. मोबाईल चार्ज झालेला नव्हता. गावात रात्रीपासून लाईट नव्हती.