लाडावलेलं इंजिन

मुलुंडच्या 'सागरछाया' सोसायटीत जनरेटरच्या वाट्याला जेवढी माया येत होती, तेवढी कुठल्याही माणसाच्या वाट्याला येत नव्हती. ही सगळी माया एकट्या भाऊंची होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते डिझेल इंजिन जवळजवळ दत्तकच घेतलं होतं. ऑइल वेळेवर बदलायचं, टाकीत पाणी साठू द्यायचं नाही आणि दर रविवारी सुरू करून थोडा वेळ नुसतं गुरगुरू द्यायचं. लिफ्टचा भार मात्र त्याच्यावर कधी पडू द्यायचा नाही. वीज गेल्यावर कुणी लिफ्टचं नाव काढलं, की भाऊ म्हणायचे, "येईल हो लाइट एवढ्यात! कशाला बिचाऱ्याला दमवताय? पुष्कळ वर्षं काढायचीत त्याला." लोक मुकाट्याने जिने चढायचे.

मुलीच्या बाबतीतही भाऊंचं धोरण हेच होतं. सई नोकरीला लागली तरी तिची बॅग स्टेशनपर्यंत तेच उचलून न्यायचे. आता तिचं लग्न ठरलं होतं देवदत्तशी, मालवाहू जहाजावरच्या इंजिनिअरशी. इथवर सगळं झकास होतं. पण लग्नानंतर सईला त्याच्याबरोबर जहाजावर जायचं होतं आणि भाऊ हो म्हणत नव्हते.

"जिला मी एकटीला कधी बोरीवलीला पाठवलं नाही, ती समुद्रात जाणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," सई एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. ती भांडली असती तर भाऊंना परवडलं असतं. तिचा हा अबोला त्यांना जेवण गोड लागू देत नव्हता.

शनिवारी घरी देवदत्तचं केळवण होतं. भाऊंची समजूत काढायला म्हणून त्याची मालवणची आजी, राधाआजी, मुद्दाम आली होती. नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद. घर सहाव्या मजल्यावर आणि आजींचे गुडघे धरलेले.

"आज तरी तुमच्या लाडक्याला कामाला लावा," शुभाताई नवऱ्याला म्हणाल्या.

भाऊंनी इंजिन सुरू केलं, नीट गरम होऊ दिलं, आजींना अदबीने जाळीच्या लिफ्टमध्ये घेतलं आणि देवदत्तबरोबर खाली थांबलेल्या सईला स्विच टाकायला सांगितलं. लिफ्ट ऐटीत निघाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐट टिकली. मग खालून दमेकऱ्यासारखा खोकला ऐकू आला, काळा धूर जिन्यात शिरला आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लटकली.

"काय झाला?" आजींनी विचारलं.

"काही नाही, श्वास घेतोय तो," भाऊ म्हणाले. त्यांनी स्वतः मात्र जाळी घट्ट धरली होती.

खालून देवदत्तचा आवाज आला, "काका, मी एअर फिल्टर उघडतोय!"

"नको! त्याला हात लावू नका!" भाऊ जाळीला तोंड लावून ओरडले.

"अहो, पण इथे फिल्टर कुठाय? हे गाठोडं आहे!"

"धूळ जाऊ नये म्हणून बांधलंय मी ते!"

खाली गाठोडं सुटलं. मग सईची किंकाळी आली, "भाऊ, ही आईची इरकल आहे!"

आजींना धीर द्यायला शुभाताई नेमक्या चौथ्या मजल्यावर येऊन पोचल्या होत्या. ही इरकल साडी दिवाळीपासून सापडत नव्हती आणि ती नेल्याचा आळ घेऊन त्यांनी सख्ख्या भावजयीशी, मृणालिनीशी, बोलणं टाकलं होतं. त्या नुसत्या जाळीतून भाऊंकडे बघत राहिल्या. लिफ्ट अडकली आहे याचं भाऊंना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"काका, याला कधी लोड दिलाय का?" खालून देवदत्तने विचारलं.

"कधीच नाही!" भाऊ अभिमानाने म्हणाले.

"तिथेच वाट लागली! रिकामं चालवलं की डिझेल पुरतं जळत नाही, आत काजळी धरते. आणि वर तुम्ही नाक बांधलंत. नुसतं गुरगुरायला तेवढी हवा पुरली, ओढायला कशी पुरणार?"

आजी हसायला लागल्या. "माझ्या गुडघ्यांची तीच गजाल. सुनेन मायेन माका जिनो चढूक दिल्यान नाय. आता बघा!"

खालून सईचा आवाज आला, "देवदत्त, तू बाजूला हो. तू नुसतं सांग, मी साफ करते आणि सुरूही करते."

इंजिन खोकलं, काळं ओकलं आणि मग भाऊंनी कधी ऐकला नव्हता अशा भरल्या, खणखणीत आवाजात चालू लागलं. लिफ्ट हलली.

सहाव्या मजल्यावर उतरून भाऊ बघतात तो सई जिने चढून धापा टाकत येत होती आणि तिच्यामागून देवदत्त. हात कोपरापर्यंत काळे, काखेत इरकलीचं गाठोडं, नाकावर ग्रीसचा पट्टा आणि चेहरा असा खुललेला, की भाऊ लिफ्टचं दार लावायलाच विसरले. इतकी वर्षं हिला जपताना हे तोंड आपण पाहिलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"जा गं तू जहाजावर," ते म्हणाले. मग देवदत्तकडे वळले. "पण सुरुवातीला जरा सांभाळून हं."

"तीच मला सांभाळेल, काका," देवदत्त म्हणाला. सईने काळ्या हातांनीच भाऊंना मिठी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या झब्ब्याचंही केळवण झालं.

शुभाताईंनी डोळे पुसले, तेलकट इरकल भाऊंच्या हातात दिली आणि वर साबणाची वडी ठेवली. "ही धुवा. मग मृणालिनीला फोन करून काय झालं ते सांगा. मग पंगतीला वाढायला या."

"मी?"

"रिकामं ठेवलं की इंजिन बिघडतं म्हणे."

"अगं, पण आधी जरा गरम तरी होऊ दे मला!"

"चहा टाकलाय," शुभाताई म्हणाल्या. "तो घ्या आणि लागा."