चौकोनवाला गोरख

गोरख वाघमोडे तोंडानं चहा मागत नाही. फळ्यावर दोन चौकोन काढतो, एकात 'टपरी' लिहितो, दुसऱ्यात 'मी', मध्ये रेघ मारतो आणि माझ्याकडं बघत बसतो. शेवटी मीच कंटाळून उठते.

औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं एक सॉफ्टवेअर बनवत होतो. कल्पना त्याचीच. एआयकडून काम करून घ्यायला कोड लिहायला नको; पडद्यावर नुसते चौकोन मांडायचे. एक चौकोन ऐकणार, दुसरा उत्तर शोधणार, तिसरा बोलणार. मधल्या रेघांना तो दोऱ्या म्हणे. काहीही बिघडलं की निदान ठरलेलं, "ताई, दोरी सुटली असंल."

नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं, तेव्हा घरमालकालाही त्यानं हेच समजावलं. "धरण हाय, टाकी हाय. मधली दोरी तेवढी नाय."

"अरे, धरणच आटलंय!" घरमालक ओरडले.

"मंग पयला चौकोनच बाद," गोरख शांतपणे म्हणाला.

खाली रस्ता खणलेला, वर पंखा तीच धूळ फिरवायचा. मी सकाळी चौकोन जोडायचे, दुपारपर्यंत ते सुटलेले असायचे. गिऱ्हाईक यायचं, रंगांचं कौतुक करायचं, जिना उतरून जायचं. आणि गोरखचा हट्ट वेगळाच: यंत्राला त्याच्या गावची बोली यायला हवी. ते 'व्हय'ला 'वही' समजायचं. महिनोन्‌महिने त्यातच गेले.

"असं बोलणारं गिऱ्हाईक आहे तरी कुठं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"हाय एक," तो म्हणाला.

बोली जमली, त्या रविवारी तो मला त्याच्या गावी, देवगाव रंगारीला घेऊन गेला. मेंढरं दुष्काळात विकावी लागली आणि तो शहरात आला, तेव्हापासून त्याची आई तिथं एकटीच. त्यानं बाजेवर लॅपटॉप मांडला.

"माय, काय बी इचार. पाऊस, बाजारभाव. आपल्या बोलीत सांगतंय."

म्हातारीनं हात पुसले, पदर सारखा केला आणि पडद्याजवळ वाकून विचारलं, "जेवला का रं, बाबा?"

दोऱ्या एकेक करून उजळल्या. पहिल्यांदाच एकही सुटली नाही. मी श्वास रोखून बघत होते. यंत्र अदबीनं म्हणालं, "मला जेवण लागत नाय. काय काम हाय, ते सांगा."

मला हसू फुटलं. म्हातारी हसली नाही.

"ह्यो बी तुझ्यावानीच हाय की," ती गोरखला म्हणाली. "फोन केला की तू बी हेच. काय काम हाय, सांग."

गोरख पडद्याकडं बघत राहिला. वाटलं, आता हा उत्तराचा चौकोन उघडून दुरुस्त करत बसणार. त्यानं लॅपटॉप मिटला.

"काम नाय, माय," तो म्हणाला. "भूक लागलीया."

ती उठली आणि पीठ मळायला बसली.