सालींचा अर्क आणि सासूबाई

लॅबचा फ्रीजर बंद पडला तर काय झालं, आपल्या घरी फ्रीज आहे की! असा साधा विचार मी शुक्रवारी संध्याकाळी केला. (मला नेहमी साधे विचारच नडतात.)

सिंगापूरला वन-नॉर्थमधल्या एका लॅबमध्ये मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा करारावरचा संशोधक, होतो. मँगोस्टीन या कोकमाच्या भावकीतल्या फळाच्या, फळवाल्यांनी फेकलेल्या जांभळ्या साली उकळायच्या, अर्क काढायचा आणि त्यात अँटिऑक्सिडंट किती ते मोजायचं. दोन वर्षं साली उकळल्या, पण आकडे असे यायचे की त्यापेक्षा साधा चहा बरा. महिनाअखेरीस करार संपत होता, आणि करार संपला की इथे राहायचा पासही. उल्का, माझी बायको, त्याविषयी बोलायचीच बंद झाली होती. सोमवारी प्रोफेसर लिमना दाखवायचा शेवटचा अर्क मी बाटलीत भरून वुडलँड्सच्या फ्लॅटवर आणला आणि दह्याच्या भांड्यामागे ठेवला.

रविवारी जेवताना, पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी वाटी पुढे केली. जांभळट सोलकढी!

"आई, इथे कोकम कुठे मिळालं?"

"तुम्हीच नाही का आणलंत? एवढं बाटलीभर आगळ आणलंत आणि सांगितलंही नाहीत!"

मी उठून फ्रीज उघडला. "सगळं... वापरलंत?"

"जरा कडू होतं. म्हणून लसूण-मिरची सढळ घातली."

उल्काने वाटी खाली ठेवली. "निमिष, विषारी आहे का हे?"

"छे! नुसत्या पाण्यात उकळलंय."

"मग तुझा चेहरा असा का झालाय?"

मी सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. (पण उरलेली सोलकढी ओतू दिली नाही. अन्न आहे ते.)

सोमवारी तीच गाळून मी यंत्रात घातली. दुसरं होतं काय माझ्याकडे? आकडा बघून प्रोफेसर लिम खुर्चीतून उठलेच.

"दोन वर्षांत पहिल्यांदा! काय बदललंस?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "नारळाचं दूध, लसूण, मिरची... आणि सासूबाई, सर."

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "करार तसाही वाढणार नव्हता, निमिष. गेल्या महिन्यातच ठरलं होतं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. उल्काने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळ पुसत बसली.

"म्हणजे सोलकढी पास झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही नापास?"

"हो, आई."

सासूबाई लेकीकडे वळल्या. "उल्का, मुलगा हुशार आहे असं तुझे बाबा म्हणाले होते हं. मी नाही."