मोडलेल्या चोचीचा अर्ज

विषय : कामावर मोडलेल्या चोचीची भरपाई मिळणेबाबत.
संदर्भ : सुतारपक्षी ठोकोबा यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी, बाळांनो, कळविण्यात येते की, एका जंगलात एक भरपाई कचेरी होती. कामात कोणाचे नख, खूर किंवा चोच गेली, तर बरे होईपर्यंत कचेरीने त्याला खाऊ घालायचे. त्यासाठी सगळे प्राणी कोठार भरत.

पुढे सिंहमहाराजांना शंका आली. कोणी खोटेच लंगडत असेल तर? म्हणून लंगडणे तपासायला उदमांजर नेमले. उदमांजरावर लक्ष ठेवायला धनेश पक्षी आला. दोघांचे जेवण अर्थात कोठारातूनच. त्यांना बसायला ढोल्या हव्या होत्या. त्या सागाच्या टणक खोडात कोरता कोरता ठोकोबाची चोच मोडली.

चोच नाही, तर किडा नाही. बायको तुराबाई एकटीच दोघांपुरती खोडे टोचू लागली. शेवटी दोघे कचेरीत गेले.

त्या जंगलात सही नव्हती. ज्या अवयवाने काम करायचे, त्याचाच ठसा अर्जावर उमटवायचा.

धनेशाने आपली भलीमोठी चोच अर्जावर टेकवून पाहिले. "नमुन्याचा ठसा टोकदार आहे. हा बोथट. तुम्ही ठोकोबाच कशावरून?"

"साहेब, चोच मोडली म्हणून तर बोथट आहे!"

"मग तसा अर्ज करा."

"हाच तो अर्ज."

"यावरचा ठसा जुळत नाही."

तुराबाई तडकली. "अहो भाऊजी, ज्यांनी कोरलेल्या ढोलीत बसलाय, त्यांनाच ओळखत नाही होय?"

"ढोली अर्धवट आहे, वहिनी. माझी शेपूट बाहेर राहते. त्याबद्दल यांना नोटीस काढली आहे."

"म्हणजे ओळखता की!"

"नोटिशीपुरती ओळख पटली आहे," उदमांजर नम्रपणे म्हणाले.

वर्षअखेरीस कचेरीने अहवाल दिला. भरपाई घेणारे घटले, अर्थात अपघात घटले. खर्च तेवढा वाढला, कारण अपघात घटवणे सोपे नसते. महाराज खूश झाले. त्यांनी कचेरीला आणखी ढोल्या मंजूर केल्या.

काम तुराबाईला मिळाले. घरात खायला नव्हते. तिने ते घेतले. खोड तेच होते, सागाचे.

तात्पर्य : शहाण्याने चोच शाबूत असतानाच ती मोडल्याचा अर्ज देऊन ठेवावा.

तुराबाईने तसा दिला आहे. ठसा तंतोतंत जुळला. मात्र चोच मोडलेली नसल्याने अर्ज प्रलंबित आहे. ठोकोबांचाही प्रलंबित आहे.