एकाग्रता समितीचा दौरा

संवाद वाढावा म्हणून अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने कार्यालयातल्या सगळ्या भिंती पाडल्या. संवाद वाढला. तिवशाहून रोज येणाऱ्या अरीबाला आठवडाभरात पंचवीस सहकाऱ्यांच्या डब्यातल्या भाज्या, दुखरे दात आणि मोडलेली लग्नं तोंडपाठ झाली. फक्त तिने बनवलेली रक्तपेढीची यादी ‘ओ’ गटाला शून्य का समजते, एवढं तिला शोधता येईना. सोमवारपासून दवाखाने ती यादी वापरणार होते. ओ गटाच्या रुग्णाला ‘रक्त शिल्लक नाही’ असं उत्तर मिळालं असतं.

तिने संचालक वामनरावांकडे दोन तासांची शांतता मागितली. वामनरावांनी तत्काळ पाच जणांची एकाग्रता समिती नेमली. बैठकीला बंद खोली उरली नव्हती, म्हणून समिती अरीबाच्याच टेबलाभोवती बसली. तीन दिवसांच्या विचारविनिमयाअंती ठराव झाला: एकाग्र होऊ इच्छिणाऱ्याने टेबलावर लाल झेंडा लावावा.

अरीबाने लावला. दुपारपर्यंत एकोणीस जण झेंडा कशाचा, हे विचारून गेले. विसावी स्वागतकक्षातली शकुन. ती खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, “काहून वं, कोनावर नाराज हायेस का?”

शुक्रवारी अरीबाने लॅपटॉप उचलला आणि अकोल्याची एसटी पकडली. खिडकी खडखडत होती, मागे कोंबड्या होत्या, पुढे जागेवरून भांडण चाललं होतं. पण त्यातल्या कशाचाच तिच्याशी संबंध नव्हता. मूर्तिजापूर येईपर्यंत चूक सापडली. अकोल्याच्या स्टँडवर उतरून तिने दुरुस्त यादी पाठवली आणि आनंदाच्या भरात दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले. सोमवारी एका बाळंतिणीला ओ गटाचं रक्त वेळेत मिळालं.

वामनराव भारावले. परिपत्रक निघालं: यापुढे एकाग्रता एसटीतच करण्यात येईल. मंगळवारी सगळं कार्यालय बसमध्ये चढलं. समिती पाहणीसाठी, शकुन हजेरीसाठी. बडनेऱ्यालाच डबे उघडले. लोणच्याची फोड अरीबाच्या कीबोर्डवर पडली. वामनराव उभे राहून संवादाचं महत्त्व सांगू लागले, तेव्हा कंडक्टरने घंटी मारली.

“साहेब, खाली बसा, नाईतं खाली उतरा.”

मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले. अरीबाही उतरली आणि गुपचूप परतीच्या गाडीत जाऊन बसली. मागची सीट, सगळी अनोळखी माणसं. तिने लॅपटॉप उघडला.

आता तिच्या खांद्यावरून वाकून एकच जण बघतो आहे, आणि ते तुम्ही आहात. तिचं गाव कळलं, काम कळलं, पगार तेवढा विचारायचा राहिला. सरका जरा. बाईला काम करू द्या.