मुरवलेली होडी

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. जंगलात दुसरं कोणी राज्य करत नाही, हे मुलांनो तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा त्याच्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

त्या जंगलाच्या मधोमध एक खोल नदी होती. अलीकडे सगळ्यांची बिळं आणि जाळ्या. पलीकडे चारा, कंद, बोरं आणि राजाची गुहा. म्हणजे पोट आणि सरकार, दोन्ही पलीकडे. नदीवर होडी एकच. ती गोमाजी पाणमांजराची.

गोमाजी फार हुशार नव्हता, पण होडीच्या बाबतीत शिस्तीचा होता. दर वैशाखात तो होडी काठावर ओढायचा. शेवाळ खरवडायचा. फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकायचा आणि वरून तेलात कढवलेली राळ लावायचा. मग पाऊसभर होडीत थेंब यायचा नाही. त्याच्या बापाने हेच केलं होतं, आजाने हेच केलं होतं. त्यांच्यापैकी कुणाचाही कधी सत्कार झाला नाही.

त्याच जंगलात साळिंदरराव नावाचे एक सद्गृहस्थ राहत. त्यांना काही काम नव्हतं. काम नसणारे दोन प्रकारचे असतात, मुलांनो. एक प्रकार झोपतो. त्याच्यापासून कुणाला त्रास नसतो. साळिंदरराव दुसऱ्या प्रकारचे होते.

एका माघात त्यांनी गोमाजीच्या होडीसारखी एक होडी केली. वीतभर लांब. फळीला फळी, वल्ह्याला वल्हं, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. ती घेऊन ते बगळेगुरुजींकडे गेले. गुरुजी एका पायावर उभे राहून बोलत, त्यामुळे त्यांच्या मताला जंगलात वजन होतं.

"बरी आहे," गुरुजी म्हणाले. "पण खेळणं वाटतं."

साळिंदररावांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. "खेळणं?"

"कोरी करकरीत दिसते हो. होडी कशी, सोसलेली दिसली पाहिजे. हिने काय सोसलंय?"

साळिंदरराव घरी आले आणि होडीला सोसायला लावू लागले. आधी गेरूचा हात दिला, त्यावर चुन्याचा. चुना वाळल्यावर काट्याच्या टोकाने तो जागोजागी टवका उडाल्यासारखा खरवडला. काजळी पाण्यात कालवून फटींत सोडली आणि वरून फडक्याने टिपली. खिळ्यांखाली काथाच्या पाण्याने गंजाचे ओघळ काढले. जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरवला, म्हणजे हातांनी झिजल्यासारख्या दिसतात. या सगळ्याला ते 'मुरवणं' म्हणत. जे व्हायला तीस वर्षांचा निष्काळजीपणा लागतो, ते साळिंदररावांनी तीन आठवड्यांत, अत्यंत काळजीपूर्वक, करून दाखवलं.

गुरुजींनी पुन्हा पाहिली. बराच वेळ पाहिली.

"ही वल्ह्यावरची शीट कुणाची म्हणायची? खंड्याची की कावळ्याची?"

"खंड्याची."

"मग जरा पातळ हवी," गुरुजी म्हणाले. पण त्यांचे डोळे पाणावले होते.

झालं. महिन्याभरात ही साथ जंगलभर पसरली. लघुनौका मंडळ निघालं. अकरा सभासद झाले, साळिंदरराव अध्यक्ष. ज्यांच्या बिळाच्या तोंडाशी पाणी तुंबलेलं होतं ते आत बसून वीतभर होडीला ओल आल्यासारखी दाखवू लागले. बायकोने कंद संपले म्हणून सांगितलं, तर "रंग वाळू दे" असं उत्तर मिळू लागलं.

मग सभासद मूळ होडी पाहायला घाटावर येऊ लागले. ते वाकून पाहत, वीत लावून मापं घेत, खिळे मोजत. होडीतून कुठे जायचं मात्र कुणी म्हणत नसे. गोमाजीला सुरुवातीला बरं वाटलं. आपल्या होडीकडे इतकं कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं सगुणा," तो बायकोला म्हणाला, "आपल्या होडीला एकशे त्रेचाळीस खिळे आहेत म्हणे."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला आपले सैल किती तेवढे माहीत असतात."

वैशाख आला. गोमाजी राळ आणायला अस्वलमामीकडे गेला. जंगलातली सगळी राळ तीच गोळा करायची.

"राळ संपली," मामी म्हणाली.

"सगळी?"

"मंडळाने नेली. पाणी करायला."

"कसलं पाणी?"

"अरे, होडीखाली पाणी दाखवावं लागतं ना! वितळवून पाटावर ओतायची. थिजली की हुबेहूब नदी. होडीलाही आतबाहेर तिचाच हात देतात, ओली दिसावी म्हणून. साळिंदररावांनी तर लाटासुद्धा काढल्यात. बघून ये एकदा."

गोमाजीने मागे वळून पाहिलं. नदी होती तिथेच होती.

"मामी, त्यांना पाणी दाखवायचंय. मला अडवायचंय."

"मग मंडळाचा सभासद हो बाबा. सभासदांना मी आधी देते."

गोमाजी परत आला. राळ नाही तर नाही, निदान शेवाळ काढून काथ्या तरी ठोकू, असं म्हणून त्याने होडी काठावर ओढली आणि खरवडायला घेतली. दुसरा हात मारतोय तोच साळिंदरराव धापा टाकत आले.

"थांब! काय करतोयस मूर्खा?"

"शेवाळ काढतोय, रावसाहेब."

"ते डावीकडचं शेवाळ मी अकरा दिवस मुरवलंय! तू ते काढलंस तर माझी होडी चुकीची ठरेल."

"तुमची होडी पाटावर आहे. माझी पाण्यात जायचीय."

"हेच तुमच्या लोकांचं चुकतं. फक्त स्वतःपुरता विचार."

साळिंदररावांनी राजाकडे अर्ज केला. गोमाजीनेही केला. राजाने दोघांना एकदमच बोलावलं. साळिंदररावांनी आपली होडी पुढे ठेवली. राजाने ती हुंगली.

"लहान आहे," राजा म्हणाला.

"होय महाराज."

"पण जुनी आहे."

"होय महाराज!" साळिंदररावांना हुंदका आवरेना.

हुकूम निघाला. आश्विनात राजाच्या गुहेत लघुनौकांची स्पर्धा व्हायची होती. तोवर मूळ नौकेवर कोणत्याही प्रकारची दुरुस्ती, खरवड वा सुधारणा करू नये. दुरुस्तीवाचून पावसात होडीत पाणी येईल अशी गोमाजीची तक्रार होती. तिच्यावर शेरा पडला: 'पाणी येत असल्यास नौका अस्सल आहे असे समजावे.'

पाऊस लागला. होडी ठिबकू लागली. गोमाजी वल्हवायचा आणि सगुणा करवंटीने पाणी उपसायची. ठकूताई सशीण रोज पोरांना चाऱ्यासाठी पलीकडे न्यायची. ती बिचारी जपून बोलणारी.

"गोमाजीभाऊ, पोरांचे पाय भिजतात हो."

"पाय वर घ्यायला सांगा, ताई."

"घेतलेत. आता आणखी कुठवर घेऊ देत?"

गोमाजीने एका खेपेला चारच जणांना घ्यायला सुरुवात केली. श्रावणात डावीकडची एक फळी कुजली आणि बोटभर रुंद फट पडली. गोमाजीने कपाळाला हात लावला. मंडळाने मात्र विशेष सभा बोलावली, तीही घाटावरच.

"काय फट आहे!" एक भेकर म्हणालं.

"अशी फट करून होत नाही," साळिंदरराव हळू आवाजात म्हणाले. "ती व्हावी लागते."

दुसऱ्या दिवशी अकराही होड्यांना डावीकडे फट पडली, अर्थात वरवरची, रंगाने काढलेली. साळिंदररावांची सगळ्यांत सरस ठरली, कारण तिच्यात आतला अंधार दिसत होता.

"अहो, ते गेले खड्ड्यात," सगुणा म्हणाली. "गुपचूप काथ्या ठोका."

"रोज येऊन बघतात गं. कळलं तर होडीच काढून घेतील."

"मग घेऊ देत! बुडाल्यावर काय राहणार आहे काढून घ्यायला?"

गोमाजीच्या बापजाद्यांनी त्या होडीत कुणाला ओलं होऊ दिलं नव्हतं. तेवढीच त्या घराण्याची इभ्रत. पण राजाचा हुकूम मोडायची त्याची छाती झाली नाही.

आश्विन उजाडला. स्पर्धेच्या दिवशी अकराही सभासद घाटावर आले. प्रत्येकाच्या काखेत एक पेटी, पेटीत होडी. नदी काठोकाठ भरलेली. गोमाजीने हात जोडले.

"चौघांच्या वर घेणार नाही, रावसाहेब. तीन खेपा करतो."

"आठ महिने आम्ही या होडीचा अभ्यास करतोय," साळिंदरराव म्हणाले. "हिच्यात किती मावतात हे तू आम्हाला सांगू नकोस. मापाने चौदा बसतात."

"मापाने बसतात, पण..."

"सरक."

सगळे चढले. बगळेगुरुजी मात्र चढले नाहीत. "परीक्षकाने स्पर्धकांबरोबर प्रवास करणं बरं दिसत नाही," असं म्हणून ते उडाले आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

होडी मधल्या डोहापर्यंत गेली. तिथे फटीतून पाणी भळभळा आत येऊ लागलं.

"उपसा!" सगुणा ओरडली. "हात लावा कुणीतरी!"

कुणाचेच हात मोकळे नव्हते. सगळ्यांनी पेट्या धरल्या होत्या. तेवढ्यात ते भेकर ओरडलं, "अहो, इकडे बघा! पाणी आत येताना फटीच्या कडा काळ्या पडतात! आपण भुऱ्या दाखवल्या. चुकलंच!"

"कुठे, कुठे?" म्हणत अकराही सभासद ते बघायला डावीकडे वाकले. होडीला तेवढं पुरलं.

गोमाजी आणि सगुणा डोहात बुड्या मारमारून एकेकाला पलीकडच्या काठाला लावू लागले. कुणाला कानाला धरलं, कुणाला शेपटीला. साळिंदररावांना धरायला तर जागाच नव्हती. त्यांना ओढताना गोमाजीच्या पंजात तीन काटे घुसले.

"मला सोड, तिला धर!" साळिंदरराव गटांगळ्या खात ओरडत होते. "डावीकडून नको धरूस, रंग ओला आहे!"

मेलं कोणी नाही. गोष्टीत असं होतं, मुलांनो. पण गोमाजीची होडी डोहाच्या तळाला गेली. अकरा वीतभर होड्या मात्र पेट्यांतून सुटून, एकामागोमाग एक, डौलात तरंगत पलीकडच्या काठाला लागल्या. त्यांना आतूनबाहेरून राळ लावलेली होती.

स्पर्धा वेळेवर झाली. पहिलं बक्षीस साळिंदररावांना मिळालं. मग मूळ वस्तू असल्याबद्दल गोमाजीच्या होडीलाही एक शाल जाहीर झाली. उत्तेजनार्थ.

गोमाजी ओलाच पुढे आला. पंजातून रक्त गळत होतं.

"महाराज, शाल नको. होडी गेली. अलीकडच्या लोकांचा चारा इकडे आहे. लाकूड द्या, राळ द्या. महिन्याभरात नवी बांधतो."

"बरोबर आहे," राजा म्हणाला. राजा कधीकधी बरोबर बोलतो. त्या वेळी त्याला सावरणारी मंडळी जवळच असतात.

साळिंदरराव उठले. "महाराज, बांधायचीच तर ती शास्त्रशुद्ध बांधावी. मूळ नौका आता राहिली नाही. ती कशी होती, याचा एकमेव खात्रीचा पुरावा म्हणजे ही." आणि त्यांनी आपली वीतभर होडी पुढे केली.

"अगदी," गुरुजी म्हणाले. "हिच्याबरहुकूम बांधावी. खिळे एकशे त्रेचाळीस. शेवाळ डावीकडे."

"आणि फट?" गोमाजीने विचारलं.

"फट तर मुख्य आहे!"

राजाने पंजा उमटवला. सभेने टाळ्या वाजवल्या.

गोमाजीने ती शाल उचलली आणि कुडकुडणाऱ्या सगुणेच्या अंगावर घातली. पुढे केलेलं लाकूड घेतलं नाही.

"चला," सगुणा म्हणाली.

"अरे, चाललास कुठे?" साळिंदरराव मागून ओरडले. "आम्हाला परत कोण नेणार?"

"तुमच्याकडे अकरा होड्या आहेत, रावसाहेब."

दोघं पाण्यात शिरली आणि चार हातांत डोह ओलांडून गेली. ती पाणमांजरं होती. नदी ओलांडायला त्यांना होडी कधीच लागत नव्हती. ती इतरांना लागत होती, हे त्या जंगलात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? मंडळाच्या अकरा होड्यांपैकी एकीतही नावाडी नव्हता. तो बसवला की होडीवरून नजर हटते, असं गुरुजींचं मत होतं.

अलीकडच्या काठावर ठकूताई पोरांना घेऊन ताटकळत उभी होती. तिने दोघांना पाण्यातून वर येताना पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं.

"गोमाजीभाऊ, होडी कुठंय?"

"तिला बक्षीस मिळालं, ताई," गोमाजी म्हणाला, आणि बिळातलं सामान आवरायला गेला.

तात्पर्य, कारण ते घेतल्याशिवाय तुम्ही काही उठणार नाही: होडी वेळच्या वेळी दुरुस्त करणाऱ्याला कुणी ओळखत नाही, ती किती सुंदर कुजली आहे हे बारकाईने दाखवणाऱ्याला सगळे ओळखतात. तेव्हा मुलांनो, काथ्या ठोकण्यात आयुष्य घालवू नका. बारीक कुंचला घ्या. आणि कधी होडीत बसायची वेळ आलीच, तर परीक्षक व्हा.